माकडाच्या हातीं यंत्र

माकडाच्या हातीं कोलीत देऊं नये, असें आपण म्हणतों. कोलिताचा उपयोग माकडाला ठाऊक नसतो. तें कोलीत चहूंकडे नाचवितें आणि घर पेटतें. असें असतां शहाण्यासुरत्या माणसांनीं मुद्दाम होऊन माकडाच्या हातीं मौल्यवान यंत्र दिलें, तें त्यानें मोडावें अशी इच्छा धरली, आणि तें मोडलें तेव्हां समाधान मानलें, ही गोष्ट सहसा कोणाला खरी वाटणार नाहीं. तथापि १९८३ सालापासून संगणकशास्त्रांत हें घडत आलें आहे. हें माकड हाडामांसाचें नव्हे. ती एक आज्ञावली, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची माळ आहे. पडद्यावर वाटेल तेथें बोट मारीत सुटणें एवढेंच तिचें काम. परंतु ह्या मर्कटलीलांतून जें ज्ञान मिळालें, त्याचा आपल्या खिशांतील मोबाइलशीं अगदीं निकटचा संबंध आहे.

गिरगांवांतील गृहिणी विजेचें बिल मोबाइलवर भरते. दादरचा विद्यार्थी परीक्षेचा निकाल त्यावर पाहतो. लालबागचा वृद्ध कामगार आपलें निवृत्तिवेतन बँकेंत जमा झालें कीं नाहीं, तें त्यावर तपासतो. ह्या कामांसाठीं ज्या आज्ञावल्या मोबाइलवर असतात, त्यांना लहानथोर सर्वच आतां 'ॲप' म्हणतात. ह्या ॲपमध्यें चूक असली तर बिल दोनदां भरलें जाईल, निकाल दिसणार नाहीं, वृद्धाला बँकेपर्यंत पायपीट करावी लागेल. मग तीं लोकांच्या हातीं जाण्यापूर्वीं तपासतो कोण? आणि हें तपासण्याचें काम माणसाकडून यंत्राकडे कसकसें गेलें? ह्या प्रश्नाचा इतिहास सांगतांना मुंबईच्या बाहेर पुष्कळ ठिकाणीं जावें लागेल. पण आरंभ मुंबईंतच, आणि तोहि परळ-लालबागच्या गिरण्यांपासून करणें योग्य होईल.

मुंबईंतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर ह्यांनीं ताडदेवला उभारली. तिची कंपनी १८५४ सालीं निघाली, आणि गिरणी १८५६ सालीं चालूं झाली. पुढें परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी ह्या साऱ्या टापूला गिरणगांव हेंच नांव पडलें. त्या काळच्या साध्या मागावर ताण्याचा एखादा धागा तुटला, तर माग आपण होऊन थांबत नसे. विणकराच्या ध्यानांत येईपर्यंत तो चालूच राही आणि कापडांत एक उभी फट पडत जाई. विणकराचे दोन डोळे हेंच तपासणीचें साधन. पुढें तयार कापड उलगडून पाहिलें जाई. दोष सांपडला कीं तो विणकराच्या नांवावर मांडला जाई. बिघडलेलें कापड त्याच्याच गळ्यांत बांधावयाचें आणि त्याची किंमत पगारांतून कापून घ्यावयाची, अशी वहिवाट अनेक गिरण्यांत होती, आणि कामगारांच्या जुन्या तक्रारींत तिचें स्थान मोठें होतें.

अमेरिकेंत १८९० नंतरच्या दशकांत नॉर्थ्रॉप ह्या नांवाचा जो स्वयंचलित माग पुढें आला, त्यांत ह्यावर एक युक्ति होती. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक हलकी पट्टी लोंबत ठेवलेली असे. धागा ताठ आहे तोंवर पट्टी वर राही. धागा तुटला कीं पट्टी खालीं पडे, आणि माग तत्काळ थांबे. यंत्राची चूक यंत्राच्याच एका अवयवानें पकडण्याची ही सोय. मात्र तुटलेला धागा ओळखणारी ही पट्टी चुकीच्या रंगाचा धागा ओळखीत नसे. लाल किनारीच्या जागीं हिरवी किनार आली, पण धागा अखंड राहिला, तर पट्टी वरच राही आणि माग खुशाल चालत राही. हा भेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

मुंबईच्या मालकांनीं असे माग फारसे आणले नाहींत. परंतु एका विणकरानें दोनांच्या ऐवजीं तीन माग सांभाळावे, अशा योजना मात्र १९२० नंतरच्या दशकांत त्यांनीं पुढें मांडल्या. मागांची संख्या वाढणार होती. तपासणारे डोळे दोनच राहणार होते. १९२८ सालीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारें दीड लाख कामगारांचा जो प्रचंड संप झाला, त्याच्या प्रमुख कारणांपैकीं हें एक होतें. तपासणीचा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाहीं, चुकीची किंमत कोणी सोसावयाची हा प्रश्नहि त्याच्या पोटांत असतो, हें गिरणगांवानें फार पूर्वीं अनुभवलें आहे.

चूक पकडण्याचा हा प्रश्न मुंबईंत धाग्यांवरून आंकड्यांवर आला तो कुलाब्याच्या बाजूस. होमी भाभा ह्यांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ह्या संस्थेंत आर्. नरसिंहन् व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत एक संगणक स्वतः बांधावयास घेतला. त्याचा लहान नमुना १९५६ सालीं तयार झाला. पूर्ण यंत्र १९६० सालीं काम करूं लागलें. आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्याच्या स्मृतींत प्रत्येकीं ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. एवढ्या लहान जागेंत जी आज्ञावली बसे, ती एका माणसाच्या डोक्यांतहि बसूं शके. लिहिणारा, चालविणारा आणि चूक शोधणारा बहुधा एकच असे.

ही स्थिति लवकरच पालटली. १९६१ सालीं एसो ह्या तेल कंपनीच्या मुंबईंतील कचेरींत आय. बी. एम. १४०१ हा व्यापारी संगणक आला. १९६८ सालीं टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था मुंबईंत निघाली, आणि दुसऱ्यांसाठीं आज्ञावल्या लिहून देणें हा एक धंदा झाला. १४ मार्च १९९५ रोजीं दलाल स्ट्रीटवरील शेअरबाजारांत 'बोल्ट' ही संगणकीय पद्धति सुरू झाली, आणि हातवाऱ्यांनीं व आरोळ्यांनीं चालणारा व्यापार पडद्यावर आला. आतां आज्ञावली लिहिणारा एक, तपासणारा दुसरा आणि तिच्यावर भरंवसा टाकणारा तिसरा, अशी वांटणी झाली. ह्या तिसऱ्याला आंत काय चाललें आहे, तें कळण्याचा मार्ग नव्हता.

मधला जो तपासनीस, त्याच्या कामाची रीत साधी होती. त्याच्याजवळ एक तक्ता असे. अमुक पडद्यावर अमुक नांव घालावें, अमुक बटण दाबावें, अमुक उत्तर यावें. आलें तर बरोबरची खूण, न आलें तर फुली. एक आज्ञावली दुरुस्त केली कीं सारा तक्ता पुन्हा पहिल्यापासून करावयाचा, कारण एक भोंक बुजवितांना दुसरें पडण्याची भीति असे. हें काम कंटाळवाणें तर खरेंच. पण त्याचा खरा शत्रु कंटाळा नसून गणित आहे.

समजा, पडद्यावर दहा बटणें आहेत, आणि कोणतेंहि बटण दाबलें तरी पुन्हा दहा बटणांचा नवा पडदा येतो. असें दहा वेळां करण्याचे मार्ग किती? एकावर दहा शून्यें, म्हणजे एक हजार कोटी. दर सेकंदाला एक मार्ग ह्या वेगानें, रात्रंदिवस न थांबतां तपासावयाचें म्हटलें, तरी सुमारें ३१७ वर्षें लागतील. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वर्षीं, म्हणजे १६७४ सालीं, कोणी हें काम हातीं घेतलें असतें, तर तें १९९१ सालीं संपलें असतें. आणि हा हिशेब केवळ दहा बटणांचा आहे. नांव, रक्कम, तारीख असें कांहीं लिहावयाचें असेल तर त्याला सीमाच नाहीं. डाइक्स्ट्रा ह्या डच शास्त्रज्ञानें १९६९ च्या सुमारास आपल्या व्यवसायबंधूंना बजावलें होतें कीं, परीक्षेनें चूक आहे हें दाखवितां येतें. चूक नाहीं हें दाखवितां येत नाहीं. तेव्हां सर्व मार्ग तपासण्याचा नाद सोडून, थोडक्या वेळांत अधिकांत अधिक चुका सांपडतील असे मार्ग निवडावे, एवढेंच हातीं उरतें. ते निवडावे कसे, ह्या प्रश्नाचें पहिलें उत्तर म्हणजे आपलें माकड.

माकडाची कल्पना मुळांत गणितांतील. एमिल बोरेल ह्या फ्रेंच गणितज्ञानें १९१३ सालीं टंकलेखन यंत्रांवर वाटेल तीं अक्षरें बडविणाऱ्या माकडांचा दृष्टांत दिला होता. अशा बडविण्यांतून थोर ग्रंथ निर्माण होणें किती असंभाव्य आहे, हें त्याला सांगावयाचें होतें. सत्तर वर्षांनीं अमेरिकेंत ॲपल कंपनी आपला मॅकिंटॉश हा संगणक तयार करीत होती. त्याची स्मृति अवघी १२८ किलोबाइट. तींत लेखनाची आणि चित्रांची अशा दोन आज्ञावल्या कशाबशा कोंबलेल्या, आणि स्मृति संपतांच त्या केव्हां कोसळतील याचा नेम नसे. स्टीव्ह कॅप्स ह्या अभियंत्यानें १९८३ सालीं एक छोटी आज्ञावली लिहिली. ती पडद्यावरील बाण वाटेल तिकडे पळवी, वाटेल तेथें दाबी, वाटेल तीं अक्षरें उमटवी. पाहणाऱ्याला वाटे, यंत्रापुढें एखादें अदृश्य माकड बसलें आहे. थोर ग्रंथ त्यांतून निर्माण झाला नाहीं. पण माणसाला महिनोन्‌महिने सांपडल्या नसत्या अशा चुका सांपडल्या.

ह्या माकडाची एक खोड मनोरंजक आहे. इकडे तिकडे बडवितांना लवकरच त्याचें बोट 'काम बंद करा' ह्या आज्ञेवर पडे, आणि आज्ञावली मिटून परीक्षाच संपून जाई. म्हणून यंत्रांत 'सध्यां माकड जिवंत आहे' अशी एक खूण ठेवण्यांत आली. ती दिसली कीं आज्ञावल्या ती आज्ञा मानीत नसत. म्हणजे अगदीं पहिल्या माकडालाहि अंगण आंखून द्यावें लागलें.

दुसरी कथा १९८८ ची. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील बार्टन मिलर हे प्राध्यापक एका वादळी रात्रीं घरून टेलिफोनच्या तारेवाटे विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. वादळामुळें तारेंत खरखर होऊन त्यांच्या आज्ञांत भलतींच अक्षरें मिसळत, आणि नामांकित आज्ञावल्या त्या कचऱ्यानें कोसळत. दुसरा कोणी वैतागला असता. मिलरनीं विद्यार्थ्यांना कामच नेमून दिलें: असा कचरा मुद्दाम तयार करा, आणि एकेका आज्ञावलीला भरवा. १९९० सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. युनिक्स ह्या सुप्रतिष्ठित प्रणालींतील सुमारें चतुर्थांश ते एक तृतीयांश आज्ञावल्या निव्वळ अर्थहीन अक्षरांनीं मोडत होत्या. त्या आज्ञावल्या वर्षानुवर्षें विद्वानांच्या वापरांत होत्या. पण विद्वान् माणूस अर्थहीन अक्षरें सहसा लिहीत नाहीं, म्हणून त्या चुका झांकलेल्या राहिल्या होत्या. माकडाचें बळ त्याच्या अडाणीपणांत आहे तें असें.

२००८ सालीं अँड्रॉइड प्रणालीचा पहिला मोबाइल बाजारांत आला. ॲप लिहिणाऱ्यांना जीं साधनें देण्यांत आलीं, त्यांत 'मंकी' ह्याच नांवाचें एक होतें. तें सेकंदागणिक पुष्कळशीं बोटें पडद्यावर मारी, मोबाइल आडवा-उभा करी, आवाज कमीजास्त करी. त्याला आरंभीं एक बीजांक देतां येई. तोच अंक पुन्हा दिला कीं माकड तेंच नाच त्याच क्रमानें पुन्हा नाचे. ही सोय क्षुल्लक वाटेल. पण जी चूक पुन्हा घडवून आणतां येत नाहीं, ती दुरुस्तहि करतां येत नाहीं.

माकडावर समाधान न मानणाऱ्या शास्त्रज्ञांनीं पुढील दहाबारा वर्षांत अधिक शहाणे शोधक तयार केले. त्यांचे तीन प्रकार सांगतां येतील. आणि ते समजण्यास गिरगांवच्या वाड्या उपयोगीं पडतील. ठाकुरद्वाराहून खोताच्या वाडींतील एखादें घर शोधावयास निघालेला परका मनुष्य डोळे मिटून फिरत राहिला, तर तो माकडाच्या जातीचा. दुसरा मनुष्य हातांत कागद घेऊन निघतो. प्रत्येक वळणाची खूण करतो, न पाहिलेली गल्ली आधीं धरतो, आणि पाहिलेल्या गल्लींत पुन्हा शिरत नाहीं. पडदे म्हणजे चौक आणि बटणें म्हणजे गल्ल्या असें मानून ॲपचा नकाशा काढणारीं साधनें अशीं चालतात. अतीफ मेमन ह्यांनीं अमेरिकेंत २००३ सालीं संगणकाच्या पडद्यांसाठीं ही रीत मांडली. २०१२ च्या सुमारास इटलींतील नेपल्सच्या संशोधकांनीं ती अँड्रॉइडवर आणली.

तिसरा मनुष्य गल्ल्या हिंडतच नाहीं. तो दारावरच्या अटी वाचतो. आज्ञावलींत 'रक्कम बरोबर १०,००१ असेल तर अमुक करा' असें लिहिलेलें असेल, तर माकडाला तो आंकडा सांपडण्याचा संभव नसल्यासारखाच. परंतु आज्ञावली आंतून वाचून, 'ह्या दारांतून जाण्यास रक्कम किती असावी?' हें समीकरण सोडविलें, तर उत्तर क्षणांत मिळतें. जेम्स किंग ह्यांनीं १९७६ सालीं ही कल्पना शास्त्रीय रूपांत मांडली. २००५ सालीं गोडफ्रॉइड, क्लार्लुंड आणि आपल्याकडील कानपूरच्या आय. आय. टी. तून गेलेले कौशिक सेन ह्या तिघांनीं ती प्रत्यक्ष चालवून दाखविली.

ह्या तिसऱ्या प्रकाराशीं महाराष्ट्राचाहि संबंध आहे. पुण्यास १९८१ सालीं टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ही संस्था स्थापन झाली. तेथील संशोधकांनीं आज्ञावली न चालवतां तिचें परीक्षण करणारीं साधनें वर्षानुवर्षें घडविलीं, आणि 'सी' भाषेंतील आज्ञावलींसाठीं परीक्षेचीं उदाहरणें आपोआप तयार करणाऱ्या 'ऑटोजेन' ह्या साधनाचें वर्णन २००९ सालीं प्रसिद्ध केलें. हें साधन मोबाइलसाठीं नव्हतें. पण परीक्षेचा प्रश्नहि यंत्रानेंच काढावा, ही कल्पना तीच.

चौथा प्रकार शेतकऱ्याच्या बियाणें निवडण्यासारखा. आधीं माकडासारख्याच शंभर वाटा काढावयाच्या. ज्या वाटांनीं अधिक भाग पाहिला, अधिक चुका आढळल्या आणि पावलें कमी लागलीं, त्या राखावयाच्या. त्यांचे तुकडे एकमेकांना जोडून नव्या वाटा करावयाच्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील के माओ, मार्क हार्मन व यु जिया ह्यांनीं २०१६ सालीं ह्या तत्त्वावर 'सॅपीएन्झ' हें साधन प्रसिद्ध केलें. पुढील वर्षीं ते फेसबुक कंपनींत गेले, आणि त्याच वर्षीं त्या कंपनीच्या ॲपची तपासणी त्या साधनानें होऊं लागली.

आतां ह्या इतिहासांतील गमतीचा भाग. २०१५ सालीं शौविक रॉय चौधरी, अलेस्सांद्रा गोर्ला आणि अलेस्सांद्रो ओर्सो ह्यांनीं तोंवरचीं साधनें एका रांगेंत उभीं केलीं. साठांहून अधिक ॲप घेतलीं, सर्वांना सारखा वेळ दिला, आणि प्रत्येकानें ॲपचा किती भाग चालवून पाहिला, तें मोजलें. नकाशे काढणारे होते, अटी वाचणारे होते. पहिलें आलें तें माकड! कारण साधें होतें. शहाणा शोधक प्रत्येक पावलापूर्वीं विचार करतो. तेवढ्या वेळांत माकडाचीं शेकडों पावलें पडून गेलेलीं असतात. ह्यावरून शहाणपण व्यर्थ आहे असें कोणी समजूं नये; पुढील साधनांनीं माकडाला मागें टाकल्याचे दाखले आहेत. परंतु नव्या युक्तीचा मोठेपणा तिच्या चातुर्यावरून न ठरवितां जुन्या साध्या युक्तीशीं मोजून ठरवावा, हा धडा त्या वर्षीं सर्वांना मिळाला.

आतां हीं सारीं साधनें मुंबईंत आणून पाहूं. २०१४ च्या अखेरीस उपनगरी लोकलचें तिकीट मोबाइलवर काढण्याची 'यूटीएस' ही सोय रेल्वेनें सुरू केली, आणि २०१५ सालीं कागदाशिवाय तिकीट देण्यास मुंबईंत आरंभ झाला. असें तिकीट स्थानकांत शिरल्यावर, तपासनीस समोर दिसतांच काढतां येऊं नये, म्हणून मोबाइल कोठें आहे हें उपग्रहांच्या साह्यानें पाहण्याची अट त्यांत होती. अशा ॲपची परीक्षा एखादें माकड घेऊं लागलें तर काय होईल?

पहिली अडचण दारांतच येईल. नांव नोंदवितांना मोबाइलवर येणारा गुप्त अंक घालावा लागतो. सहा आंकडी अंक अंदाजानें बरोबर येण्याचा संभव दहा लाखांत एक. म्हणून कुलूप काढून माकडाला आंत सोडण्याचें काम माणसालाच करावें लागतें. दुसरी अडचण बाहेरच्या जगाची. दादरच्या पुलावरील गर्दींत जाळें क्षीण होतें, पैसे देतांना मध्येंच कोणाचा फोन येतो, उपग्रह माणसाला रुळांच्या पलीकडे दाखवितो. हे प्रसंग पडद्यावर बोट मारून उत्पन्न होत नाहींत. अमेरिकेंतील जॉर्जिया टेक ह्या संस्थेनें २०१३ सालीं 'डायनोड्रॉइड' हें साधन केलें, तें असे बाहेरील प्रसंगहि कृत्रिम रीतीनें घडवूं लागलें; पण जग मोठें आहे आणि साधन लहान.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. १९ जुलै २०१८ पासून पश्चिम रेल्वेवरील एल्फिन्स्टन रोड ह्या स्थानकाचें नांव प्रभादेवी झालें. समजा, एखाद्या तिकिटाच्या ॲपमध्यें एका पडद्यावर नवें नांव आणि दुसऱ्यावर जुनेंच राहिलें. किंवा दोन स्थानकांमधील भाडें पांच रुपयांनीं अधिक लागलें. ॲप कोसळणार नाहीं. माकड हजार वेळां तेथून जाईल आणि 'सर्व कांहीं ठीक' असें सांगेल. ही तीच गोष्ट. माकडाजवळ तुटलेला धागा ओळखणारी पट्टी आहे. किनारीचा रंग ओळखणारा डोळा नाहीं. ॲप चालतें कीं मोडतें हें यंत्र सांगूं शकतें; योग्य उत्तर कोणतें हें त्याला कोणीतरी आधीं सांगावें लागतें, आणि तें सांगणारा प्रभादेवीला उतरणारा मनुष्य असतो.

आपल्या लिपीविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्या 'ॲ' ह्या अक्षरानें आपण 'ॲप' लिहितों, त्याला युनिकोड ह्या जागतिक वर्णसंकेतांत स्वतंत्र स्थान मिळालें २००८ सालीं; म्हणजे पहिला अँड्रॉइड मोबाइल निघाला त्याच वर्षीं. देवनागरीला त्या संकेतांत जागा होती. मराठीची ही गरज मागाहून भागली. आणि फेब्रुवारी २०१८ मध्यें असें उघडकीस आलें कीं, तेलुगु लिपींतील 'ज्ञा' ह्यासारखें एक जोडाक्षर संदेशांत आलें, तर ॲपल कंपनीच्या मोबाइलवरील ॲप कोसळतात. कंपनीनें त्याच महिन्यांत दुरुस्ती केली. पण जगांतील एका श्रीमंत कंपनीच्या तपासणींतून ज्ञानाचें अक्षरच निसटावें, हें विचार करण्यासारखें आहे. इंग्रजीचीं सव्वीस अक्षरें बडविणाऱ्या माकडाच्या हातून तें जोडाक्षर उमटण्याचा संभवच नव्हता. माकड अडाणी असलें तरी निःपक्षपाती असतें, अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. त्याच्यापुढें जो कळफलक ठेवावा, त्या कळफलकाचा पक्षपात त्याला चिकटतो.

२०२३ नंतर आणखी एक पाऊल पडलें आहे. माणसाची भाषा शिकलेल्या विशाल आज्ञावल्यांना पडद्यावरील मजकूर वाचावयास देऊन 'आतां पुढें काय करावें?' असें विचारण्याचे प्रयोग संशोधक करूं लागले. 'येथें नांव लिहा' असें दिसल्यावर असा शोधक खरोखर एखादें नांव लिहितो. 'कोठून' आणि 'कोठें' हे दोन शब्द पाहून दोन निराळीं स्थानकें निवडतो. माकडाला अर्थ कळूं लागला, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु अर्थ कळणाऱ्याला कंटाळा आणि समजुती ह्यांचीहि बाधा होते. आणि ज्या चुका वादळी रात्रीच्या खरखरीनें उघड केल्या, त्या सुशिक्षित शोधकाला सुचतीलच असें नाहीं. म्हणून शहाणा आणि अडाणी दोघेहि पदरीं ठेवण्याकडे जाणत्यांचा कल दिसतो.

आतां शेवटचा, आणि गिरणगांवाच्या दृष्टीनें पहिला प्रश्न. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली; लोअर परळच्या कमला मिलसारख्या आवारांत पुढें नवीं कार्यालयें थाटलीं. तेथें माग नाहींत. परंतु चूक कोणाच्या गळ्यांत बांधावयाची, हा प्रश्न तेथून गेला आहे असें मला वाटत नाहीं. पूर्वीं बिघडलेलें कापड विणकराच्या पगारांतून वळतें होई. आतां तिकीट तपासनिसापुढें पडदा उघडला नाहीं, तर दंडाची भीति प्रवाशाला. पैसे खात्यांतून गेले आणि पोंचले नाहींत, तर हेलपाटे खातेदाराला. ज्याच्याजवळ नवा मोबाइल आहे त्याच्यापेक्षां चाळींतील जुना, तडकलेल्या कांचेचा मोबाइल वापरणाऱ्याला हें अधिक भोगावें लागतें. कारण तपासणी बहुधा नव्या यंत्रांवर आधीं होते.

यंत्रानें यंत्र तपासावें, ह्यांत वाईट कांहींच नाहीं. तीनशें सतरा वर्षांचें काम माणसावर लादण्यापेक्षां तें माकडाला देणें केव्हांहि बरें. त्यामुळें जो वेळ वांचेल, तो काय बरोबर आणि काय चूक हें ठरविण्यांत, प्रभादेवीचें नांव, पांच रुपयांचें भाडें आणि आपलीं जोडाक्षरें पाहण्यांत, आणि वापरणाऱ्याची तक्रार ऐकण्यांत खर्च झाला, तर ह्या चाळीस वर्षांच्या खटाटोपाचें सार्थक झालें असें म्हणतां येईल. तोच वेळ केवळ एका माणसाकडे तिसरा माग देण्यासाठीं वापरला गेला, तर त्या व्यवहाराचा शेवट काय होतो, हें परळ-लालबागच्या इतिहासांत १९२८ च्या पानावर लिहिलेलें आहे.